नकाराची चाहूल : मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे निदान

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिवाळे येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



जैन परंपरेत चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी कोणतेही एक दान घडले तरी ते पुण्याचे मानले जाते. मूत्रपिंड प्रत्यारोपणात मात्र चारही दाने एकत्र येतात. आई आपल्या मुलासाठी शरीराचा एक अवयव काढून देते, तेव्हा मृत्यूच्या भयापासून ती त्याला मुक्त करते. हे अभयदानच होय. परंतु हे दान शस्त्रक्रियेच्या दिवशी पूर्ण होत नाही. दिलेले मूत्रपिंड रुग्णाच्या शरीराने स्वीकारले की नाकारले, हा प्रश्न त्या दिवसापासून पुढे आयुष्यभर उभा राहतो. वैद्यकीय भाषेत या नकाराला रिजेक्शन म्हणतात. ते का होते, कसे ओळखतात आणि त्यात कुटुंबाने व समाजाने काय करावयाचे असते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शरीर नकार का देते?

प्रत्येक पेढीवर एक जुना, इमानी राखणदार असतो. मालकाच्या घरची माणसे तो चेहऱ्याने ओळखतो आणि अनोळखी माणसाला आत सोडत नाही. शरीरातील प्रतिकारशक्ती हा असाच राखणदार आहे. जंतू आत शिरला की ती त्याच्यावर तुटून पडते, म्हणूनच मनुष्य जगतो. दुसऱ्याचे मूत्रपिंड पोटात बसविले जाते, तेव्हा या राखणदाराला त्यामागचे प्रेम दिसत नाही. त्याला दिसतो तो अनोळखी चेहरा. तेव्हा नकार हा शरीराचा कृतघ्नपणा नव्हे, ती त्याची कर्तव्यदक्षताच आहे.

हा चेहरा म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए नावाच्या खुणा. त्या आई-वडिलांकडून निम्म्या-निम्म्या येतात. त्यामुळे आई किंवा वडील दाते असतील तर साधारण निम्म्या खुणा जुळतात. सख्ख्या भावंडांत खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, निम्म्या जुळण्याची चारात दोन आणि मुळीच न जुळण्याची चारात एक असते. या खुणांच्या संशोधनाचा पाया घालणारे फ्रान्सचे ज्याँ दॉसे यांना 1980 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

राखणदाराची स्मृतीही तीव्र असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवर दुसऱ्याची त्वचा लावण्याचे प्रयोग करताना पीटर मेडावार यांच्या लक्षात आले, की त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळून पडते. म्हणजे शरीर शत्रूला लक्षात ठेवते. पुढे त्यांना 1960 मध्ये नोबेल मिळाले. याच कारणाने ज्या रुग्णाला पूर्वी अनेकदा रक्त दिले गेले आहे, किंवा ज्या स्त्रीची बाळंतपणे झाली आहेत, तिच्या रक्तात दुसऱ्याच्या खुणांविरुद्धची प्रतिपिंडे आधीच तयार असू शकतात. पती पत्नीला मूत्रपिंड देऊ इच्छितो तेव्हा डॉक्टर अधिक बारकाईने तपासणी का करतात, याचे उत्तर येथे आहे. गर्भारपणात मुलाच्या पेशींवरील पित्याच्या खुणा त्या मातेच्या शरीराने पूर्वीच पाहिलेल्या असतात.

परळ ते बोस्टन

जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण 23 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. दाता रोनाल्ड हेरिक आणि रुग्ण रिचर्ड हेरिक हे एकसारखे जुळे भाऊ होते. दोघांच्या खुणा एकच असल्याने राखणदाराला फरक कळला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून ती टिकते की नाही, हेही डॉक्टरांनी पडताळून घेतले होते. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगले. एका मूत्रपिंडावर जगणारे रोनाल्ड 2010 पर्यंत, म्हणजे दान केल्यानंतर सुमारे 56 वर्षे हयात होते. दात्याच्या आयुष्याविषयी ज्यांच्या मनात धास्ती असते, त्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. 1965 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले मानवी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले. मूत्रपिंड मृत दात्याचे होते. ते यश टिकले नाही, रुग्ण वाचला नाही. जिवंत दात्याकडून झालेले भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण 1971 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. डॉ. सेन यांच्या हाती कौशल्य आणि धैर्य होते. परंतु आज नकार ओळखण्यासाठी आणि थोपविण्यासाठी जी साधने सहज उपलब्ध आहेत, त्यांतील बहुतेक तेव्हा जगात कोठेही नव्हती.

ती साधने हळूहळू आली. 1969 मध्ये लॉस एंजेलिसचे पटेल आणि तेरासाकी यांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. रुग्णाचे रक्तद्रव आणि दात्याच्या पेशी शस्त्रक्रियेपूर्वी एकत्र करून पाहाव्यात. ज्या 30 रुग्णांत ही क्रॉसमॅच चाचणी विरोधी आली होती, त्यांतील 24 जणांचे मूत्रपिंड तत्काळ निकामी झाले. विरोध न दिसलेल्या 195 रुग्णांत असे केवळ 8 जणांच्या बाबतीत घडले. त्या दिवसापासून क्रॉसमॅच न करता प्रत्यारोपण करणे अक्षम्य ठरले. पुढे नॉर्वेतील पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन आणि 1984 मध्ये जपानच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून टॅक्रोलिमस ही औषधे मिळाली. राखणदाराला ठार न करता त्याला शांत ठेवण्याची विद्या मानवाला अशी मिळाली.

नकाराचे प्रकार

पहिला प्रकार शस्त्रक्रियेच्या टेबलावरच, काही मिनिटांत किंवा तासांत घडणारा. तो आधीच असलेल्या प्रतिपिंडांमुळे होतो आणि क्रॉसमॅचमुळे आता क्वचितच दिसतो. दुसरा तीव्र नकार. तो मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होतो, परंतु औषध चुकल्यास दहाव्या वर्षीही होऊ शकतो. त्यातही दोन जाती आहेत. एकीत पांढऱ्या पेशी स्वतः मूत्रपिंडात घुसून त्याच्या नलिकांवर हल्ला करतात. दुसरीत रक्तातील प्रतिपिंडे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतात. तिसरा दीर्घकालीन नकार. तो वाळवीसारखा वर्षानुवर्षे आतून पोखरत राहतो आणि बाहेरून लाकूड शाबूत दिसते.

जातीनुसार उपचार बदलतात. पेशींमुळे होणाऱ्या तीव्र नकारावर साधारणतः तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडची मोठी मात्रा देतात आणि पुष्कळ रुग्ण त्यातून सावरतात. प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या नकारात रक्तद्रव बदलून प्रतिपिंडे काढणे, इम्युनोग्लोब्युलिन देणे असे अधिक खर्चिक उपचार करावे लागतात आणि यशाची खात्री कमी असते. म्हणूनच ‘नकार आहे’ एवढे कळून भागत नाही. कोणता नकार, हे कळावे लागते.

हत्ती आणि सात आंधळे

अनेकांतवाद समजावून सांगताना हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट सांगितली जाते. कोणी सोंड धरून म्हणतो हत्ती अजगरासारखा, कोणी पाय धरून म्हणतो खांबासारखा. प्रत्येकाचे म्हणणे अंशतः खरे, पण तेवढ्यालाच पूर्ण सत्य मानणे हा दोष. नकाराचे निदान हे अनेकांताचे प्रत्यक्ष उदाहरण होय.

पहिला स्पर्श क्रिएटिनिनचा. रक्तातील हा घटक वाढला की मूत्रपिंडाचे काम मंदावले असे समजावे. एखाद्या रुग्णाचे क्रिएटिनिन महिनोन्महिने 1.2 असते आणि एके दिवशी ते 1.7 येते. घरात रडारड होते, ‘गेले मूत्रपिंड’. पण ही वाढ काय सांगते? केवळ एवढेच, की काहीतरी बिघडले आहे. होडीत पाणी दिसले म्हणजे तळाला भोक पडले असेच नाही. वरून लाट आत आली असेल, सांध्यातून झिरपले असेल किंवा पावसाचेही असेल. दिवाळ्याच्या जेट्टीवरचा अनुभवी तांडेल आधी पाणी कोठून आले ते पाहतो, मगच डांबर लावायचे की नुसते पाणी उपसायचे ते ठरवतो.

क्रिएटिनिन वाढण्याची कारणे अनेक आहेत. जुलाब किंवा कडक उपवासामुळे शरीरातील पाणी कमी झालेले असते. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असतो. मूत्रवाहिनीत अडथळा असतो. नव्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद झालेली असते. मूळ आजारच नव्या मूत्रपिंडात परतलेला असतो. कधी तर नकार थोपविणारे टॅक्रोलिमसच रक्तात जास्त झाल्यामुळे मूत्रपिंडाला इजा करीत असते. आणि कधी बीके नावाचा विषाणू मूत्रपिंडात वाढत असतो.

या ठिकाणी खरा धोका आहे. नकार असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवावी लागतात. बीके विषाणू असेल तर तीच औषधे कमी करावी लागतात. रक्ताचा आकडा दोन्हींत सारखाच वाढतो, उपाय मात्र नेमके उलट. अंदाजाने औषध वाढविले आणि आत विषाणू निघाला, तर वैद्याच्याच हातून मूत्रपिंड जाते. म्हणून जाणते डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत. ते लघवीची तपासणी करतात, त्यातील प्रथिन मोजतात, डॉप्लर सोनोग्राफीने रक्तप्रवाह व अडथळा पाहतात, रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी मोजतात, बीके विषाणूसाठी रक्त तपासतात आणि दात्याविरुद्धची प्रतिपिंडे निर्माण झाली आहेत का, तेही पाहतात.

औषधाच्या पातळीविषयी एक साधी गोष्ट अनेक घरांत ठाऊक नसते. ही तपासणी सकाळचे औषध घेण्यापूर्वी, आदल्या रात्रीच्या मात्रेनंतर सुमारे बारा तासांनी करावयाची असते. रुग्ण औषध घेऊन प्रयोगशाळेत गेला तर आकडा खोटा वाढलेला येतो, डॉक्टर मात्रा कमी करतात आणि खऱ्या नकाराला दार उघडते. त्या दिवशी कॅप्सूल खिशात न्यावी व रक्त दिल्यानंतर घ्यावी.

सुईच्या टोकावरचा निर्णय

सर्व चाचण्या झाल्यावरही शेवटचा शब्द बहुधा बायोप्सीचा असतो. ताग्याचा पोत वरून हात फिरवून पूर्ण कळत नाही, नमुना कापून भिंगाखाली धागे मोजावे लागतात, तसेच हे. नवे मूत्रपिंड ओटीपोटात, कंबरेच्या खाली एका बाजूस, त्वचेजवळ बसविलेले असते. त्यामुळे तेथपर्यंत सुई नेणे मूळ मूत्रपिंडापेक्षा सोपे असते. ती जागा बधिर करून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने बारीक धाग्याएवढा तुकडा घेतात आणि रुग्णाला काही तास आडवे ठेवतात. रक्तस्रावाचा धोका असतो, परंतु अनुभवी हातांत गंभीर प्रसंग विरळाच.

त्या तुकड्याचे वाचन जगभर एका भाषेत व्हावे म्हणून 1991 मध्ये कॅनडातील बॅन्फ या गावी तज्ज्ञांची सभा झाली आणि तिचे निकष 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. ते वेळोवेळी सुधारले जातात. नमुना पुरेसा मानण्यासाठी त्यात गाळणीचे किमान दहा गुच्छ आणि दोन धमन्या असाव्यात, असा त्यातील संकेत आहे. नलिकांत किती पेशी शिरल्या, केशवाहिन्यांत किती दाह आहे, धमनीच्या भिंतीला इजा आहे का, प्रत्येकाला शून्य ते तीन असे गुण देतात. सी4डी नावाचा डाग दिसला तर प्रतिपिंडांच्या हल्ल्याची खूण सापडते. काही अहवालांत ‘सीमारेषेवर’ असा शेरा येतो. अशा वेळी कुटुंबाने गोंधळून न जाता पुढील तपासण्यांसाठी धीर धरावा.

अलीकडे रुग्णाच्या रक्तात तरंगणारे दात्याचे डीएनए मोजणारी चाचणी उपलब्ध झाली आहे. मूत्रपिंडाला इजा झाली की त्याच्या पेशींचे डीएनए रक्तात जास्त उतरते. ही चाचणी महाग आहे आणि अद्याप तिने बायोप्सीची जागा घेतलेली नाही.

घराचा जागता पहारा

पूर्वीच्या काळी नकार आला की ताप यायचा, मूत्रपिंडाची जागा दुखायची, लघवी कमी व्हायची, अंगावर सूज यायची. आजची औषधे प्रभावी असल्याने पुष्कळदा यांपैकी काहीच होत नाही. माणूस हिंडतो-फिरतो, दुकानात बसतो आणि आत नकार सुरू असतो. म्हणून बरे वाटते या कारणाने तपासणी टाळणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर होय. दररोजचे वजन, रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि ताप यांची वही घरात ठेवावी. रोजमेळ जसा रोज लिहावा लागतो, तशीच ही वही. वजन दोन-तीन दिवसांत अचानक वाढले किंवा रक्तदाब चढला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

दुसऱ्या आजाराच्या डॉक्टरांनाही प्रत्यारोपणाची माहिती द्यावी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिटवरील फेनिटॉइन यांनी टॅक्रोलिमसची पातळी घसरते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल यांनी ती वाढते. वेदनाशामक गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेऊ नयेत, डायक्लोफिनॅक व आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला थेट अपाय करतात. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या कुळातील पपनस वर्ज्य करावे. औषधाची कंपनी बदलावयाची झाल्यास डॉक्टरांना सांगून, पातळी तपासूनच बदलावी.

व्रत आणि औषध

या सभेत एक नाजूक विषय बोलणे आवश्यक आहे. टॅक्रोलिमस बहुधा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घेतात. चौविहार पाळणारा श्रावक सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. जूनमध्ये नवी मुंबईत सूर्योदय सहाच्या सुमारास व सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. नवकारशीनंतर सकाळी सातला व सायंकाळी सातला औषध घेणे शक्य होते. डिसेंबरमध्ये मात्र सूर्योदयच सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास. नवकारशी पाळली तर दोन मात्रांत दिवसा दहा तास आणि रात्री चौदा तास पडतात. व्रत मोडू नये म्हणून रात्रीची मात्राच सोडून देणारे रुग्ण असतात आणि ते डॉक्टरांना सांगत नाहीत. मग नकार येतो आणि त्याचे कारण कोणालाच उमगत नाही. निदानातील एक महत्त्वाचा धागा घरातच लपून राहतो.

यावर मार्ग आहेत. दिवसातून एकदाच घ्यावयाचे, दीर्घकाळ परिणाम करणारे टॅक्रोलिमसही मिळते. ते योग्य की नाही, हे डॉक्टर ठरवतील. शिवाय पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत आणि रोगपीडेच्या प्रसंगी समाधीसाठी औषधाची सवलत आपल्या पूर्वाचार्यांनी मान्य केली आहे. गुरुमहाराजांना आजार स्पष्ट सांगून आज्ञा घ्यावी. पर्युषणात निर्जळ उपवास, अठ्ठाई यांसारखी तपश्चर्या करण्याचा भाव रुग्णाच्या मनात आला, तर त्याची अनुमोदना करून सामायिक, स्वाध्याय, जप या तपाच्या अन्य मार्गांकडे त्याला वळवावे. पाण्याविना मूत्रपिंड कोरडे पडते, क्रिएटिनिन चढते आणि नसलेल्या नकाराची शोधाशोध सुरू होते. उकळलेले पाणी पिण्याचा आपला आचार मात्र या रुग्णांना वरदानच आहे, कारण त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते.

काहींना कॅप्सूलच्या आवरणातील जिलेटिन खटकते. नकारावरील एक प्रभावी औषध सशाच्या रक्तद्रवापासून तयार होते, हे कळल्यावर काही कुटुंबे व्यथित होतात. ही अहिंसेची संवेदना आदरणीय आहे. परंतु तिच्यापोटी कॅप्सूल फोडून घेणे किंवा परस्पर बंद करणे योग्य नव्हे. शंका मनात ठेवण्याऐवजी शस्त्रक्रियेपूर्वीच ती डॉक्टरांसमोर आणि गुरूंसमोर मांडावी. ज्या मातेने, ज्या पत्नीने आपले शरीर कापू दिले, तिच्या दानाचे रक्षण हाही धर्मच आहे. आपल्या देशात जिवंत दात्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, याचेही समाजाने भान ठेवावे.

न्यासापुढील कार्य

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 मध्ये झाला, महाराष्ट्रात तो 1995 पासून लागू आहे. 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचा जवळच्या नातेवाइकांत समावेश झाला आणि न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना आपसांत दात्यांची अदलाबदल करण्याची वाट मोकळी झाली. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप मुंबई विभागात प्रादेशिक समन्वय केंद्र करते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचाही अंतर्भाव आहे. शस्त्रक्रियेसाठी मदत उभी राहते, वर्तमानपत्रात आवाहने येतात, दानशूर पुढे येतात.

परंतु तिसऱ्या वर्षी काय? तेव्हा आवाहन नसते, फोटो नसतो. रुग्ण बरा दिसतो, औषधे मात्र दर महिन्याला लागतात आणि तपासण्याही. मिळकत तुटपुंजी असेल तर प्रथम रक्ततपासणी पुढे ढकलली जाते, मग दोनऐवजी एक कॅप्सूल घेतली जाते, आणि एके दिवशी डायलिसिसचा कक्ष पुन्हा समोर येतो. पैशाअभावी औषध सुटणे हे आपल्या देशात मूत्रपिंड गमावण्याचे एक प्रमुख कारण आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने शस्त्रक्रियेनंतरचा निधी उभारावा, अशी विनंती या व्यासपीठावरून करावीशी वाटते. औषधाची पातळी, बायोप्सी, प्रतिपिंडांची तपासणी यांचा खर्च त्यातून व्हावा. रुग्ण जैन असो, कोळी असो वा अन्य कोणी, त्याच्या नावापुढे फक्त त्याची वही पाहावी. जैन प्रतीकाच्या तळाशी असलेले सूत्र जीवांच्या परस्पर उपकाराचे आहे. एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात वर्षानुवर्षे रक्त गाळीत राहते, याहून त्या सूत्राचा मूर्त अर्थ कोणता असेल? ते काम करीत राहावे यासाठी आवश्यक आहेत वेळेवर घेतलेली एक कॅप्सूल, वेळेवर दिलेले थोडे रक्त आणि वेळेवर विचारलेला एक प्रश्न. एवढी जागरूकता या सभेतील प्रत्येक घराने आपल्या शेजारच्या रुग्णापर्यंत पोहोचवावी.

जय जिनेंद्र.